मास्तरांचं पथ्य आणि माझ्या हिरड्या

आयुष्यात मी एकच नियम मनापासून पाळला, आणि त्या नियमाने माझे पुढचे दात हलवले. तेव्हापासून नियम पाळणारा माणूस दिसला की मला आधी त्याच्या तब्येतीची काळजी वाटते.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली. गाव आमचं उमापूर, माझं वय बावीस आणि लग्नाला दीड वर्ष. दरसाल महाशिवरात्रीच्या जत्रेत आम्ही गावकरी नाटक करायचो. त्याची इजाजत गेवराईच्या कचेरीतून उर्दू कागदावर आणावी लागे, आणि तिथले अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, ती वर्षातून एकदाच देत. त्यामुळे वर्षाला एकच नाटक, नाटकात एकच नायिका, आणि ती नायिका मी.

हसू नका. त्या काळी बायका रंगभूमीवर येत नसत, आमच्या गावात तर नाहीच नाही. माझा चेहरा गोल, गळा गोड, आणि मिशी इतकी आज्ञाधारक की न्हाव्याकडे आठ-आठ दिवस गेलो नाही तरी कुणाच्या लक्षात येत नसे. लुगडं बायकोचंच नेसायचो. ती म्हणायची, "माजं लुगडं माज्यापरीस तुमालाच शोभून दिसतंय. सांगावं तरी कुणाला."

पण आदल्या वर्षी घात झाला होता. नायिका वनात एकटी विलाप करते त्या पदात वरचा सूर लावताना माझा गळा फाटला. नेमकी त्याच वेळी मांडवामागे बांधलेली एक म्हैस ओरडली. प्रेक्षकांना वाटलं, दोघांचं पद आहे. पुढे वर्षभर गावात मी दिसलो की कुणीतरी हंबरायचं.

आमच्या मास्तरांनी मला त्याच आठवड्यात बजावलं. मास्तर म्हणजे नाटक बसवणारे. तरुणपणी एका फिरत्या नाटक मंडळीत पेटी वाजवून आले होते. येताना पेटी, थोडा खोकला आणि पुष्कळसे नियम घेऊन आले. ते म्हणाले, "पुढल्या साली गळा फाटला, तर लुगडं दासीला. समजलास?"

दासी म्हणजे आमच्या नाटकात नायिकेच्या दासीचं काम करणारा गडी. मनगटं पहिलवानाची, आवाज खणखणीत. त्याच्या वाट्याला चार वाक्यं होती, पण माझा अख्खा पार्ट त्याला पाठ होता. तालमीत मी बोलत असलो की त्याचे ओठ हलत राहायचे. ते पाहून मी माझं वाक्य घाईने उरकायचो.

दसऱ्याला पेटीची पूजा झाली आणि मास्तरांनी सगळ्यांसमोर गळ्याचं पथ्य सांगितलं. ते दरवर्षी सांगत. आंबट बंद. कच्चं बंद. हिरवं बंद. तिखट बंद. दूध, तूप, बदाम, खडीसाखर, जवारीची भाकरी आणि तुरीचं फिकं वरण, एवढंच खायचं.

मी विचारलं, "मास्तर, हिरवं कावून नको?"

"हिरव्यानं वात होतो. वातानं सूर हालतो."

"आन कांदा?"

"कांदा लांब राहून डोळ्याला रडवतो, मंग गळ्याला काय सोडंल व्हय बे?"

बाकीच्यांनी माना डोलावल्या आणि घरी जाऊन ठेचा-भाकरी खाल्ली. मी मात्र म्हशीला स्मरून पथ्य धरलं.

असं धरलं की काय सांगू. सीताफळांचा हंगाम डोळ्यांदेखत गेला. ताटात लिंबाची फोड आली की मी ताट बदलायला लावायचो. पौषात मळ्यावर हुरड्याला सगळं गाव लोटलं. आगटीभोवती माणसं हुरडा चोळतायत, हरभऱ्याचे कोवळे घाटे सोलतायत, बोरं फस्त करतायत, आणि मी बांधावर पितळी पेला हातात धरून दूध पितोय. घरात सगळ्यांत चांगलं खाणं माझं. बायको, आई, भाऊ सगळे भाकरी, बुक्कीने फोडलेला कांदा, तांदुळजा नाहीतर अंबाडीची भाजी खायचे. दुभत्या म्हशीचं दूध आणि बदाम मला. गावजेवणातला दुर्वास ऋषी जसा वेगळा बसतो, तसा मी वेगळा बसायचो.

आणि आजारी पडलो मीच.

आधी पाय दुखायला लागले. तालमीत दोन पदं म्हटली की बसावंसं वाटे. मग पोटऱ्यांवर केसांच्या मुळाशी बारीक लाल ठिपके आले. जरा कुठे दार लागलं की मोठा निळा डाग उठे. हिरड्या फुगून वांग्याच्या रंगाच्या झाल्या. भाकरीचा घास चावला की तोंडातून रक्त यायचं.

मी हे लपवलं. मास्तरांना कळलं तर लुगडं गेलं. पण रक्त लपवलं तरी त्याचा रंग लपत नाही. एका सकाळी बायकोने माझी उशी अंगणात आणून आपटली.

"इडा कुणाकडं खाल्ला?"

"कुठला इडा?"

"उशीला लाल, धोतराला लाल, तोंड तर बघायलाच नको. घरात पानाचा देठ न्हाई. तुमी तालमीला जाता का आणखी कुठं?"

आता पाहा माझी दशा. मी गुन्हा केला नव्हता, उलट तपश्चर्या करत होतो, आणि संशय मात्र विडा खाण्याचा. मी तोंड उघडून दाखवलं. ती वाकून पाहत राहिली. मग हळूच म्हणाली, "आधी तरी सांगायचं." आणि ती उशी उचलून धुवायला घेऊन गेली.

बाभळीच्या सालीच्या गुळण्या झाल्या, तुरटी झाली, लवंग झाली. काही उपयोग झाला नाही. पुढचे दोन दात जिभेने ढकलले की हलायचे. 'श' आणि 'स' म्हणताना शिट्टी वाजायला लागली. नायिका वनात 'सख्या' म्हणून हाक मारणार, आणि तिच्या तोंडून शिट्टी निघणार. महिन्यावर जत्रा आली होती.

आठवडी बाजाराला गेवराईहून एक बागवान चाचा फळं घेऊन यायचे. बायकोने माझ्या परस्पर त्यांना विचारलं. चाचांनी माझा ओठ अंगठ्याने वर करून पाहिला आणि म्हणाले, "ये पान का लाल नहीं है बेटा. चलो मेरे साथ, सरकारी दवाखान्यात नवा डॉक्टर आलाय."

बाजार उठल्यावर चाचा रात्री गावातच थांबले, आणि पहाटे मी त्यांच्या बैलगाडीत बसलो. उरलेल्या पेरूंच्या टोपल्यांवर. अर्धा दिवस मी पेरूंवर बसून चाललो होतो. वास असा की जीव कासावीस होत होता. चाचांनी दोनदा पेरू पुढे केला. मी दोनदा हात जोडले.

"नक्को बोलता," चाचा बैलाला म्हणाले, "जैसे मैं जहर देरा."

डॉक्टर हैदराबादेहून नुकते आलेले होते. रुमी टोपी, काळी शेरवानी, आणि चेहऱ्यावर खरूज व हिवताप पाहून आलेला कंटाळा. त्यांनी माझ्या हिरड्या पाहिल्या, धोतर वर करायला लावून पोटऱ्या पाहिल्या, आणि त्यांचा कंटाळा एकदम पळाला. लग्नातला घोडा पाहावा तसे ते माझ्याभोवती फिरले.

"जहाजावर होते का तुम्ही?" त्यांनी त्यांच्या उर्दूमिश्रित मराठीत विचारलं.

"साहेब, गोदावरीत नावेत बसलो तरी मला घेरी येते."

"जेल में थे?"

"न्हाई."

"दुष्काळात उपाशी होते?"

"रोज दोन शेर दूध पितो साहेब. वर बदाम."

डॉक्टर खुर्चीत बसले. म्हणाले, हा आजार किताबात वाचला होता. महिनोन् महिने समुद्रावर राहणाऱ्या, नुसती वाळली रोटी खाणाऱ्या खलाशांचा. उमापुरात, दूध-तूप खाणाऱ्या माणसाला तो व्हावा, हे त्यांना फार आवडलं असावं. मला नाही आवडलं. पण मी जे काय खातो आणि काय खात नाही ते सगळं सांगितलं, मास्तरांच्या वाताच्या शास्त्रासकट.

तेव्हा त्यांनी मला जे समजावलं ते इतक्या वर्षांनंतरही जसंच्या तसं आठवतं. त्यांनी बाहेरच्या गाडीकडे बोट केलं.

"गाडी कोण ओढतं?"

"बैल."

"बैलाला काय लागतं?"

"कडबा, पेंड."

"आणि आखाला?"

"वंगण."

"कितना?"

"बोटभर."

"वंगण खाऊन बैलाला ताकद येते?"

"न्हाई साहेब."

"पण वंगण नसेल तर?"

"गाडी कुरकुरंल. मंग आख झिजंल. चाकच बसंल."

"बस. भाकरी, दूध, तूप हा तुमचा कडबा. ताकद त्याच्यात. पण अन्नात आणखी काही चिजा असतात, बोटभर, डोळ्याला न दिसणाऱ्या. त्यांना विटामिन म्हणतात. शरीर त्या स्वतः बनवू शकत नाही, खाण्यातूनच घ्याव्या लागतात. त्यांच्यात ताकद नाही, पण त्यांच्याशिवाय ताकद कामाला लागत नाही."

आता त्यांना आपण जीवनसत्त्वं म्हणतो. तेव्हा तो शब्द आमच्याकडे पोहोचला नव्हता.

मग ते रंगात आले. माझ्यापेक्षा चांगले नट होते ते. एकेक विटामिन त्यांनी पात्रासारखं प्रवेश करवलं. एक डोळ्यांचं. ते नसेल तर माणसाला तिन्हीसांजेनंतर दिसत नाही. ते दुधातुपात, पपईत, कलेजीत, आणि पालेभाजीत मिळतं. त्याची शरीर कोठी भरून ठेवतं, म्हणून चार दिवस नाही मिळालं तरी चालतं. एक धान्याच्या सालीतलं. गिरणीचा पांढराशुभ्र तांदूळ रोज खाणाऱ्या मुलखात लोकांचे पाय बधिर होतात, सुजतात. आपली जवारी सालासकट दळली जाते, म्हणून आपण वाचतो. एक हाडांचं, आणि ते तर चक्क उन्हातून मिळतं. ऊन कातडीवर पडलं की शरीर ते तयार करतं. हे सांगताना त्यांचा आवाज जरा खाली आला. म्हणाले, पडद्यात राहणाऱ्या बायांची हाडं मऊ होतात, बाळंतपणात हाल होतात. म्हणून त्यांनी स्वतःच्या घरी, बायांना ऊन मिळावं म्हणून, आतल्या अंगणात सकाळची बाज टाकायला लावली होती. मग पुन्हा आवाज चढवून माझ्या आजाराकडे आले.

"आणि तुमच्यात जे नाही ते ताज्या फळात, कच्च्या भाजीत असतं. दगडी भिंतीत दगड कशाने धरून राहतात?"

"चुन्यानं."

"शरीरातही तसा चुना असतो. हिरडी, कातडी, रक्ताच्या नळ्या त्यानं धरून ठेवलेल्या असतात. हे विटामिन नसेल तर तो चुनाच कालवला जात नाही. नवा चुना नाही, जुना झडतो, मग दगड हलतात." त्यांनी माझ्या दाताकडे पाहिलं. "शिवाय याची कोठी शरीर फारशी ठेवत नाही. वरचेवर थोडं लागतं. आणि आगीपुढे ते टिकत नाही. भाजी रटरटा शिजवून वरचं पाणी फेकलं की बरंचसं गेलं."

मी औषध मागितलं. डॉक्टर उठून दारात गेले आणि चाचांना म्हणाले, "मियाँ, दवा तुमच्या टोपलीत आहे."

चाचा टोपलीकडे बघतच राहिले. "या अल्ला," ते म्हणाले, "और मैं बाजार में पेरू पेरू चिल्लाता फिरा."

पण माझा प्रश्न सुटला नव्हता. दात वाचवायचे तर फळं खायची, आणि फळं खाल्ली तर गळा जाणार. दात पडलेली नायिका आणि गळा फाटलेली नायिका, दोघींची जागा एकच होती, मांडवाबाहेर. मी तसं डॉक्टरांना म्हटलं.

"आंबट नको तर नका खाऊ," ते म्हणाले. "आंबट आणि हे विटामिन एक नाही. चिंच इतकी आंबट, पण तिच्यात ते नावापुरतं. पेरू गोड, आणि त्यात भरपूर. कोथिंबीर आहे. मटकी आहे. कोरड्या मटकीत ते नसल्यासारखंच, पण मोड आला की येतं."

"हे सगळं कच्चं न्हाईतर हिरवं हाय साहेब. मास्तरांनी—"

डॉक्टरांनी हात वर केला. "तुमचे मास्तर किती वर्षं हे पथ्य करतात?"

"तीस."

"दात आहेत?"

मी विचार केला. मास्तर ऊस दाताने सोलत. "बत्तीसच्या बत्तीस."

"तर मग ते खातात काय, ते आधी पाहून या."

गावी परतलो, आणि दुसऱ्या दिवशी ऐन जेवणाच्या वेळेला मी मास्तरांच्या घरी हजर. मास्तर विहिरीवर अंघोळीला गेलेले, आणि काकू स्वयंपाकघरात. मी उंबऱ्याशी बसून सरळ विचारलं, "काकू, मास्तरांचं पथ्याचं कसं करता?"

"पथ्य? कुणाचं?" काकूंनी हातातली भाकरी थापायची थांबवली. "ह्यांचं? अरं, लिंबू नसलं तर ताट ढकलतात. मटकीला मोड बोटभर आलं पायजे, वर कच्चा कांदा, वर मूठभर कोथमीर. हिवाळ्यात आवळ्याची बरणी उशाला लागती. कुणी सांगितलं तुला पथ्य?"

तेवढ्यात मास्तर ओलेत्याने आत आले, पाटावर बसले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लिंबू कुठाय?"

मग मी दिसलो.

मोठ्या नटाची परीक्षा पकडला गेल्यावर होते. मास्तरांनी लिंबाची फोड उचलली, उजेडाकडे धरली आणि शांतपणे म्हणाले, "हे लिंबू न्हाई. पित्तावरचं औषध हाय. औषधाला पथ्य नसतंय."

"आन मटकी?"

"ती हिच्या हट्टापायी."

काकू फणकाऱ्याने चुलीकडे वळल्या. मी पुढे सरकून बसलो आणि तोंड उघडलं. ओठ वर केला. जिभेने दात ढकलून दाखवला.

मास्तरांच्या हातातली फोड ताटात पडली. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंडात पाहिलं. मग मी पायांवरचे डाग दाखवले, तेही त्यांनी पाहिले.

"तू खरंच पाळलंस?" ते म्हणाले.

"दसऱ्यापास्नं."

"अरं, आमच्या मालकानं आमाला सांगितलं, मी तुमाला सांगितलं. पथ्य सांगायचं असतंय बे. एवढं पाळतंय कोण?" त्यांनी आपलं ताट माझ्यापुढे सरकवलं, लिंबाची फोड स्वतः पिळली आणि म्हणाले, "खा."

"आन गळा?"

"गळ्याचं मी बघतो. खा म्हनलं ना."

मी खाल्लं. हिरड्यांना लिंबू असं झोंबलं की डोळ्यांतून पाणी आलं. मास्तरांना ते वेगळंच पाणी वाटलं असणार, कारण तेही धोतराच्या सोग्याने डोळे पुसायला लागले. काकूंनी आम्हा दोघांकडे पाहून मटकीचा दुसरा डाव वाढला.

त्या दिवसापासून बायकोने माझा ताबा घेतला. सकाळी पेरू, दुपारी मटकी आणि कांदा, संध्याकाळी आवळा. पाच-सहा दिवसांत पायांतली कळ गेली. पंधरवड्यात रक्त थांबलं. मग हळूहळू दात जागच्या जागी घट्ट होऊ लागले, आणि 'सख्या' मधली शिट्टी गेली.

जत्रेच्या आधी आठ दिवस, सकाळच्या वेळी, मास्तरांनी देवळाच्या ओवरीत सगळ्यांपुढे मला ते विलापाचं पद म्हणायला लावलं. सूर फाटला तर लुगडं तिथल्या तिथे दासीला, असा हा निकाल होता. दासी समोर मांडी घालून बसलेला, ओठ हलतायत. आदल्या चार दिवसांत मी किती लिंबं खाल्ली होती ते मला आणि मास्तरांनाच ठाऊक. वरचा सूर जवळ आला तसे मी डोळे मिटले. मास्तरांनी पेटीवरची बोटं जरा जास्तच जोरात दाबली. मी सूर लावला. तो लागला, टिकला, आणि उतरताना कुठे अडकला नाही.

मास्तरांनी भाता सोडला आणि सगळ्यांकडे पाहून म्हणाले, "बघितलं? ह्याला म्हनतात पथ्य. दसऱ्यापास्नं दूध-बदामाबिगर तोंडात काय घातलं न्हाई गड्यानं. शिका."

मी मास्तरांकडे पाहिलं. मास्तरांनी पेटीच्या पट्ट्यांकडे पाहिलं. चारचौघांत त्यांची लाज काढायची माझी छाती झाली नाही, आणि खरं सांगायचं तर ते कौतुक मला गोडही लागलं.

जत्रा झाली. नाटक झालं. विलापाच्या पदाला दोनदा वन्समोअर मिळाला, आणि कुणी हंबरलं नाही.

पण दुसऱ्याच दिवशी दासी माझ्या घरासमोरून एक भरलेली चरवी घेऊन चालला होता. मी विचारलं, हे काय?

"दूध," तो म्हणाला. "आजपास्नं पथ्य. आंबट बंद, कच्चं बंद, हिरवं बंद. तू पाच महिने पाळलंस, मी वर्षभर पाळणार. बघू पुढल्या साली लुगडं कुणाला जातंय."

मी त्याला ओट्यावर बसवलं आणि सगळं सांगितलं. डॉक्टर, आख, चुना, मास्तरांचं लिंबू, सगळं.

त्याने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "मला येडा समजतो का बे? तू दूध पिऊन गळा कमावला, आन मी लिंबं खाऊन घालवू?"

"अरं, तुज्या दाताची शपथ—"

"माज्या दाताची कावून? तुज्या घे."

मी आत जाऊन दोन पेरू आणले. एक त्याच्यासमोर बियांसकट खाल्ला, आणि लगेच, ओट्यावर, भर दुपारी, विलापाचं पद वरच्या सुरापर्यंत म्हटलं. शेजारच्या दोन बाया डोकावल्या. बायको दारात येऊन हसू दाबत उभी राहिली.

दासी हलला नाही. चरवी खाली ठेवून तो म्हणाला, "तोंड उघड."

मी उघडलं. बाजारात बैल घेणारा पाहतो तसं त्याने माझं तोंड उन्हाकडे वळवलं, हिरड्या पाहिल्या, बोटाने माझा पुढचा दात धरला आणि मागे-पुढे ओढून पाहिला. जोरात. दात जागचा हलला नाही.

बोट धोतराला पुसून त्याने दुसरा पेरू उचलला.